फिरंग रोग : एका नावाचा इतिहास

सोळाव्या शतकात भावमिश्र या वैद्याने 'भावप्रकाश' हा ग्रंथ रचला. प्राचीन संहितांत न आढळणारा एक विकार त्याने त्यात नोंदविला व त्यास 'फिरंग रोग' असे नाव दिले. कारण फिरंग्यांच्या संसर्गाने तो जडतो, असे त्याचे मत होते. लोकभाषेतील गरमी, वैद्यकातील सिफिलिस, तो हाच.

दुसऱ्याच्या माथी रोग मारण्याची ही रीत युरोपातही होती. १४९५ च्या सुमारास, फ्रान्सच्या आठव्या चार्ल्सची इटलीवर स्वारी चालू असता, तेथे त्याची मोठी साथ उसळली. इटालियनांनी त्यास फ्रेंच रोग म्हटले, फ्रेंचांनी नेपल्सचा, तर रशियनांनी पोलंडचा.

पुढे हा दोष स्त्रीच्या माथी आला. सैनिकांच्या आरोग्यासाठी ब्रिटनने १८६४ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. हिंदुस्थानात तो १८६८ साली आला. तपासणीची सक्ती वेश्या ठरविलेल्या स्त्रियांवर. त्यांच्याकडे जाणारा पुरुष मात्र मोकळा! जोसेफीन बटलर या बाईंनी १८६९ पासून या अन्यायाविरुद्ध चळवळ उभारली. अखेर १८८६ साली तिकडे व १८८८ साली इकडे तो रद्द झाला.

रोगाचे खरे कारण दोषारोपाने नव्हे, संशोधनाने उमगले. १९०५ साली शाउडिन व हॉफमन यांनी मळसूत्री आकाराचा जंतू शोधला. १९०६ साली वासरमन यांनी रक्ततपासणी दिली. १९४३ साली जॉन महोनी यांनी पेनिसिलिनचा गुण दाखविला. त्यापूर्वी शतकानुशतके रोगी पारा सोशीत होते.

आज औषध आहे, तरी लज्जा आड येते. पहिला व्रण दुखत नाही व आपोआप भरतो. रोग मात्र शरीरात राहतो. गर्भवतीकडून तो गर्भाला होतो. मूल मृत जन्मू शकते. म्हणून गरोदरपणाच्या आरंभीच आपण रक्त तपासून घ्यावे. रोग आढळल्यास पेनिसिलिनने माता बरी होते व बाळही वाचू शकते; पतीनेही तपासणी व उपचार घ्यावेत, अन्यथा तो पुन्हा जडतो. परस्परनिष्ठा व निरोध यांनी धोका कमी होतो. घरात असा रोगी निघाल्यास 'कोणामुळे?' हा प्रश्न बाजूस ठेवून आपण त्याला आधी दवाखान्यात न्यावे.