ग्रंथप्रसारासाठी ब्लॉगलेखन

परदेशस्थ मराठी लेखकाचे पुस्तक बहुधा पुण्या-मुंबईत छापले जाते. वाचक मात्र अनेक देशांत विखुरलेला असतो. त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे अल्पखर्चिक साधन म्हणजे ब्लॉग, अर्थात अनुदिनी.

अमेरिकी लेखक अँडी वीअर यांचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. पेशाने सॉफ्टवेअर अभियंता असलेल्या वीअर यांनी ‘द मार्शियन’ ही कादंबरी प्रकरणशः आपल्या संकेतस्थळावर विनामूल्य दिली. वाचकांनी शास्त्रीय चुका दाखवल्या, त्यांनी त्या सुधारल्या. वाचकांच्याच आग्रहावरून २०११ मध्ये ती किंडलवर ९९ सेंटला उपलब्ध झाली. २०१४ मध्ये क्राउन या प्रकाशनसंस्थेने ती छापली आणि २०१५ मध्ये तिच्यावर रिडली स्कॉट यांचा चित्रपट आला.

मराठी लेखकाने तीन पथ्ये पाळावीत. पहिले, मजकूर युनिकोड देवनागरीतच असावा. छपाईच्या जुन्या फाँटमधील मजकूर शोधयंत्रांना उमगत नाही. दुसरे, प्रकाशकाशी झालेला करार तपासल्याशिवाय प्रकरणे देऊ नयेत; इंटरनेटवरील प्रसिद्धीचा हक्क त्याच्याकडे गेलेला असू शकतो. तिसरे, निव्वळ जाहिरात न करता पुस्तकामागील संशोधन, गाळलेले प्रसंग आणि वाचकांच्या शंकांची उत्तरे नियमितपणे द्यावीत. प्रत्येक लेखाखाली पुस्तक कोठे मिळेल आणि परदेशी टपालखर्च किती, हेही नमूद करावे.

पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर ब्लॉग सुरू करणे म्हणजे वरातीमागून घोडे. वीअर यांनी वाचक आधी जोडले. विक्री त्यानंतर आली.