मुक्तस्रोत स्थलांतर : कार्यालयीन संगणक

कार्यालयातील संगणकांवरची विंडोजसारखी मालकीची कार्यप्रणाली काढून तिच्या जागी लिनक्सवर आधारलेली प्रणाली बसवणे, याला मुक्तस्रोत स्थलांतर म्हणतात. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून हा विषय लहान कार्यालयांच्याही दाराशी आला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. नवी मुंबईतल्या सीवूड्सच्या एखाद्या सेक्टरात गाळ्यात बसणाऱ्या करसल्लागाराचा किंवा गृहनिर्माण सोसायटीचा धडधाकट संगणकही या अटीत अडकू शकतो. परवान्याचे पैसे वाचतात, हे कारण नेहमी पुढे केले जाते. त्याहून मोठे कारण असे, की आपले इतिवृत्त वीस वर्षांनी उघडताना कोणा कंपनीची परवानगी लागू नये. हे मान्य केले तर स्थलांतराची सुरुवात कार्यप्रणालीपासून न करता दस्तऐवजांपासून करावी लागते.

फ्रान्सच्या जाँदार्मरी या पोलीस दलाने हाच क्रम धरला. २००५ मध्ये ओपनऑफिस हा कार्यालयीन संच, पुढे फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड हा ईमेल कार्यक्रम, आणि २००८ पासून उबुंटू ही लिनक्स प्रणाली. खालची प्रणाली बदलली तेव्हा कर्मचाऱ्यांच्या हातातले रोजचे कार्यक्रम तेच राहिले. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्यानेही २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी आधी लिब्रेऑफिस हा मुक्तस्रोत कार्यालयीन संच निवडला. विरोधक जर्मनीतल्याच म्युनिक शहराचा दाखला देतात: २००३ मध्ये निर्णय, सुमारे १५,००० संगणक लिनक्सवर, आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव. पण तिथे महापालिकेचे राजकीय नेतृत्व बदलले होते आणि विंडोजवाचून न चालणारे कार्यक्रमही उरले होते. हजारो संगणक कित्येक वर्षे लिनक्सवर चालले, तेव्हा दोष प्रणालीच्या माथी मारता येत नाही.

मराठी कार्यालयाची खरी गाठ मात्र फाँटशी आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत वर्षानुवर्षे पत्रे, ठराव आणि दाखले टंकलिखित झाले. या जुन्या पद्धतीत मराठी अक्षराच्या जागी रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवला जातो. तो फाँट संगणकावर नसला की ठरावाची अगम्य चिन्हे होतात. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारी परिवर्तके मिळतात, पण पहिली वेलांटी आणि रफार त्यांत अनेकदा जागा सोडतात, म्हणून प्रत्येक महत्त्वाचा कागद माणसाने वाचून घ्यावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे आणि कोणत्याही प्रणालीवर राहिले तरी टळणारे नाही. पुढची वाट आधीच बांधलेली आहे. सीवूड्सहून दोन स्थानके पुढे, खारघर स्थानकासमोर सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे केंद्र आहे. सी-डॅकमध्ये विलीन झालेल्या एनसीएसटी या संस्थेने इंडिक्स प्रकल्पात भारतीय लिप्या लिनक्सच्या पडद्यावर आणल्या. सी-डॅकच्या चेन्नई केंद्राने २००७ मध्ये डेबियन या लिनक्स प्रणालीवर आधारलेली ‘बॉस’ प्रणाली दिली. इनस्क्रिप्ट कळफलक आणि लोहित देवनागरी फाँट लिनक्सवर विनामूल्य मिळतात.

दोन आक्षेप वजनदार आहेत. पहिला कार्यक्रमांचा: हिशेबाचा टॅली हा कार्यक्रम विंडोजसाठीच बनतो, आणि डिजिटल स्वाक्षरीचे काही टोकन लिनक्सवर त्रास देतात. त्यासाठी एखादे विंडोज यंत्र राखून ठेवणे शहाणपणाचे, कारण सगळे एका दिवसात बदलण्याची सक्ती कोणी केलेली नाही. केंद्र सरकारच्या २०१५ च्या मुक्तस्रोत धोरणातही मुक्तस्रोत पर्याय डावलायचे असतील तर कारण नोंदवा, अशीच अपेक्षा आहे. दुसरा आक्षेप सवयीचा. २००१ पासून एमएस-सीआयटी या संगणक-साक्षरता अभ्यासक्रमाने महाराष्ट्राला संगणक शिकवला, तो प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसच्या आधारे. नोकरीसाठी तेच प्रमाणपत्र लागले. केरळने सरकारी शाळांतले संगणकशिक्षण लिनक्सवर नेले, म्हणजे ही सवय अभ्यासक्रमातून घडते आणि अभ्यासक्रमातूनच बदलता येते. तोवर सोसायटीच्या कारकुनाला लिब्रेऑफिसमध्ये पावती बनवण्याचा सराव विंडोजवरच देता येतो; तो कार्यक्रम दोन्हीकडे चालतो.