मृतांच्या नावाने आलेली पत्रे

धार आणि देवास ही नावे ऐकली की मराठी वाचकास पवारांच्या गाद्या आठवतात. देवासच्या तर दोन, थोरली आणि धाकटी, एकाच गावात नांदणाऱ्या. आजच्या देवास जिल्ह्यात, नर्मदेच्या उत्तर तीरावर नेमावर आहे. पूर्वी ते होळकरांच्या राज्यात होते. तेथील सिद्धनाथाचे देवालय परमारांच्या काळातील म्हणून ओळखले जाते. अशा गावाविषयी लिहावयाचे तर देवळाविषयीच लिहावे असे कोणासही वाटेल. परंतु आम्हास लिहावयाचे आहे ते तेथील शेतातल्या एका खड्ड्याविषयी.

१३ मे २०२१ पासून नेमावरच्या एका आदिवासी कुटुंबातील पाच जण नाहीसे झाले. २९ जून रोजी, म्हणजे ४७ दिवसांनी, पोलिसांनी शेतातील सुमारे दहा फूट खोल खड्डा उकरून पाचही मृतदेह बाहेर काढले. देह लवकर नष्ट व्हावेत म्हणून त्यांवर मीठ व युरिया टाकला होता, असे तपासात पुढे आले. या प्रकरणी दोष कोणाचा हे ठरविण्याचा अधिकार न्यायासनाचा आहे. त्याविषयी आम्ही अक्षरही लिहिणार नाही. आमचे कुतूहल निराळे आहे. एवढी खटपट करूनही हे गुपित दोन महिने का टिकले नाही?

पहिले कारण मातीचे. खोल पुरले की देह लवकर मातीस मिळतो, हा समज साफ चुकीचा आहे. बर्लिनचे न्यायवैद्यक योहान लुडविग कास्पर यांनी एकोणिसाव्या शतकात एक ढोबळ नियम सांगितला: उघड्या हवेत एका आठवड्यात देहाची जी अवस्था होते, ती पाण्यात दोन आठवड्यांनी व जमिनीखाली आठ आठवड्यांनी होते. खोल जमिनीत माश्या पोहोचत नाहीत, प्राणवायू कमी, गारवा अधिक. ओल असेल तर शरीरातील चरबीचा साबणासारखा मेणचट पदार्थ बनून देहाचा आकारच टिकून राहतो. मिठाचे काय सांगावे? आमच्या किनारपट्टीवरील कोणतीही गृहिणी सांगेल की मिठाने जिन्नस कुजत नाही, टिकतो. (उदाहरण अप्रशस्त वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.) शिवाय एकदा उकरलेली जमीन पुन्हा पूर्वीसारखी बसत नाही. पावसाने ती खचते आणि तिच्यावरचे गवतही वेगळे उगवते. अन् मांस गेले तरी दात व हाडे राहतातच. त्यांतील आनुवंशिक द्रव्यावरून ओळख पटविण्याची विद्या आपल्याकडे १९८० च्या दशकाअखेर हैदराबादच्या लालजी सिंग यांनी रुजविली.

तरीही आमच्या मते माती हे दुय्यम कारण होय. लपविणाऱ्याचा खरा घात त्याच्या पुढच्या कृत्याने होतो. देह लपविला तरी त्या माणसाची वाट पाहणारे उरतातच; त्यांना गप्प बसविण्यासाठी मृताला बोलते करावे लागते. नेमावरमध्ये नाहीशा झालेल्या तरुणीच्या मोबाइलवरून, तिने आपल्या मर्जीने लग्न केले आहे व सर्व सुखरूप आहेत, अशा आशयाचे संदेश येत राहिल्याच्या बातम्या तेव्हा प्रसिद्ध झाल्या. त्या वाचताना आम्हास विद्यार्थिदशेत अभ्यासलेला पुण्याचा एक खटला आठवला.

१२ नोव्हेंबर १९५६ च्या रात्री डॉ. अनंत चिंतामण लागू हे लक्ष्मीबाई कर्वे या मधुमेही विधवेस घेऊन पुण्याहून मुंबईच्या गाडीत बसले. पहाटे गाडी पोहोचली तेव्हा बाई बेशुद्ध होत्या. लागूंनी त्यांना गोकुळदास तेजपाल रुग्णालयात नेले आणि इंदुमती असे दुसरेच नाव नोंदविले. त्याच दिवशी दुपारच्या आत बाई वारल्या. देहावर हक्क सांगण्यास कोणी आले नाही. तो बेवारस ठरला. येथे खड्डा नव्हता, मीठ नव्हते. राजमान्य रुग्णालयाच्या हातूनच, एका खोट्या नावाच्या आड, देह नाहीसा व्हावयाचा होता. शवविच्छेदन झाले ते दहा दिवसांनी, आणि रासायनिक विश्लेषकास विष सापडले नाही. गुन्हेगारास याहून अधिक अनुकूल ते काय असावे?

मग पत्रे सुरू झाली. लक्ष्मीबाईंच्या नावाने आप्तेष्टांना कळविण्यात आले की त्यांनी जोशी नावाच्या गृहस्थाशी पुनर्विवाह केला असून त्या दूर जयपूरकडे राठोडी येथे राहतात. इकडे त्यांचे पैसे व शेअर लागूंच्या हाती जात होते. आप्तांस शंका आली, तक्रारी झाल्या, १९५८ साली अटक झाली. १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने फाशीची शिक्षा कायम केली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचा. न्यायमूर्ती सरकार यांचे मत भिन्न पडले, आणि ते आजही वाचण्याजोगे आहे. विष सापडले नाही म्हणून विषप्रयोग झाला नाही असे होत नाही. आरोपीचे मृत्यूपूर्वीचे व नंतरचे वर्तनही पुराव्यात धरता येते, हे त्या निकालाचे सार. नंतरचे वर्तन म्हणजे ती पत्रेच. एकाच सबबीचा, 'बाईने लग्न केले', पासष्ट वर्षांनी नर्मदाकाठी पुन्हा उपयोग व्हावा, याचे आम्हास फार नवल वाटत नाही. बाई नाहीशी झाली तर ती कोणाबरोबर तरी गेली असेल, असे मानण्यास आपला समाज नेहमीच तयार असतो. ती सबब टिकते ती ह्याच तयारीवर.

कायद्याचा येथे एक जुना प्रश्न आहे. प्रेत सापडल्याखेरीज खुनाची शिक्षा देऊ नये, असे सतराव्या शतकात इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी लिहिले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये रामनंद खटल्यात तो सावधगिरीचा नियम मानला, अटळ अट नव्हे. पुरावा नाहीसा करणे हा तर स्वतंत्रच गुन्हा आहे: पूर्वी दंड संहितेचे कलम २०१, जुलै २०२४ पासून न्याय संहितेचे कलम २३८.

तथापि, 'लपविणे क्वचितच साधते' या विधानास वकील म्हणून आमची एक हरकत आहे. ज्यांना ते साधले त्यांची नोंद कोठे असते? १८३० च्या सुमारास सागरच्या बाजूस एका आमराईत ठगांचा बंदोबस्त करणाऱ्या स्लीमन साहेबाचा तळ पडला होता. माफीचा साक्षीदार झालेल्या फिरंगियाने जागा दाखविल्या. १८१८ साली मारलेला एक पंडित व त्याचे सहा सोबती साहेबाच्या तंबूच्या दोरांखालीच निघाले. घोडे बांधले होते तेथे १८२४ सालचे एक हवालदार व चार शिपाई. बारा वर्षे त्या वाटेने माणसे जात येत होती. ठग काही मातीविद्येत पारंगत नव्हते. घरापासून दूर असलेला वाटसरूच ते निवडीत, ज्याचा तपास करीत त्या आमराईपर्यंत कोणी यावयाचे नाही असा. फिरंगिया बोलला नसता तर स्लीमन साहेब तेथून तळ हलवून पुढे गेला असता.

नेमावरच्या कुटुंबात एक मुलगी वाचली होती. जानेवारी २०२२ मध्ये ती न्याय मागत नेमावरहून भोपाळपर्यंत पायी चालत गेली.