तारीख सरकली, तण तिथंच राहिलं

आजच्या भागाचा हिरो आहे एक तण, चिकवीड. थंडीत ओलसर मातीत आपसूक पसरणारं, चांदणीसारखं इवलंसं पांढरं फूल येणारं. पाकळ्या दहा वाटतात, असतात पाचच, प्रत्येक मधोमध चिरलेली. कोंबड्या आवडीनं खातात म्हणून इंग्रजीत हे नाव पडलं. गंमत म्हणजे जपानीतही याचं एक नाव 'पिल्लांचं गवत' असंच आहे.

जपानमध्ये याला सणाचा मान आहे. वर्षाच्या सातव्या दिवशी सात हिरव्या भाज्या घालून तांदळाची पेज करायची, वर्षभर आजारपण येऊ नये म्हणून. सलगम आणि मुळा सोडले तर बाकीचा बहुतेक पाला बांधावरचा, ओढ्याकाठचा. त्यातला 'हाकोबेरा' म्हणजे आपलं चिकवीड. तोकुगावा शोगुनांच्या काळात हा पाच अधिकृत सणांपैकी एक होता.

तेव्हाचं जपानी पंचांग आपल्यासारखंच होतं: चांद्र महिने, मध्येच अधिक महिना. त्यामुळे हा दिवस जानेवारीअखेर ते फेब्रुवारीअखेर कधीतरी यायचा. वसंताची चाहूल, कोवळा पाला. बाहेर जा, खुडून आणा.

मग 1872 च्या शेवटी मेइजी सरकारनं घाईघाईत ग्रेगोरियन कॅलेंडर आणलं. एक कारण चक्क पगाराचं! पुढच्या वर्षी अधिक महिना होता, म्हणजे तेरा पगार. बाराव्या महिन्याचे दोनच दिवस झाले आणि तिसऱ्या दिवशी 1 जानेवारी 1873 उजाडला. आमच्या भाषेत सांगायचं तर थेट प्रॉडक्शनवर मायग्रेशन.

सणाचा अधिकृत दर्जा गेला, पण लोकांनी पेज सोडली नाही. फक्त ती 7 जानेवारीला आली, ऐन कडाक्यात. अनेक भागांत तेव्हा बाहेर बर्फ असतो. मग यावर तोडगा काय? आज सुपरमार्केटमध्ये सातही भाज्यांचं तयार पाकीट मिळतं. म्हणजे शेतकरी चिकवीड मुद्दाम पेरतो आणि त्यातलं *दुसरं* तण उपटतो!

सण टिकला, हे खरंच. पण पाकीट आणलं की झाड ओळखायची गरज उरत नाही. आणि रूढ तर मुळात ओळखण्याचीच होती. महिन्याभरानं तेच चिकवीड अंगणात फुकट उगवतं, तेव्हा ते कचरा म्हणून उपटलं जातं.

तण कुठलं आणि भाजी कुठली, हे कधीकधी नुसती तारीख ठरवते. भेटू पुढच्या भागात!