दिरहम, उमय्यद
उमय्यद खिलाफतीचे चांदीचे नाणे. इराण जिंकल्यावर अरबांनी तेथील सासानी द्रम्मच चालू ठेवला. दुसऱ्या खुस्रोची मुकुटधारी प्रतिमा, मागे अग्निवेदी, पहलवी लिपीत सुभेदाराचे नाव. नवे काय, तर कडेला कूफी वळणात कोरलेले ‘बिस्मिल्लाह’. खलीफा अब्द अल्-मलिक याने हि. स. ७९ (इ. स. ६९८–९९) च्या सुमारास हे रूप पालटून केवळ अक्षरांचे नाणे आणले. ते पातळ, रुंद असून वजन सुमारे २.९ ग्रॅम होते. पुढच्या बाजूस मधोमध तीन ओळींत ईश्वराच्या एकत्वाची ग्वाही असून सभोवती टांकसाळीचे नाव व हिजरी वर्ष येते. वर्ष आकड्यांत नव्हे, शब्दांत असते. मागील बाजूस कुराणातील ११२ व्या सूरेचा मजकूर व कडेने ९ व्या सूरेतील वचन आढळते. खलीफाचे नाव मात्र कुठेच नाही. सत्तेने स्वतःला इतके मागे ठेवल्याची उदाहरणे नाणेशास्त्रात विरळाच. टांकसाळ व वर्ष नाण्यावरच असल्यामुळे इतिहासकारांना ही नाणी फार मोलाची वाटतात. वासित, दमास्कस, बसरा या प्रमुख टांकसाळी होत. उमय्यदांनंतर आलेल्या अब्बासी खलीफांनी मागील बाजूच्या मध्यभागी प्रेषित मुहंमदांचे नाव आणले. पुढे खलीफांची नावेही आली.