ज्योतीवरील काचकाम व ऑक्सिजन पुरवठा

काचेच्या तयार नळ्या व कांड्या ज्वालकाच्या ज्योतीत मऊ करून त्यांना फुंकून, ताणून वा जोडून आकार देण्याचे तंत्र. प्रयोगशाळेतील उपकरणे, तापमापक, मणी इ. वस्तू या तंत्राने करतात. भट्टीतील वितळलेल्या काचरसावरील कामाहून ते वेगळे आहे. पैसा फंडाने तळेगाव (जि. पुणे) येथे १९०८ मध्ये काढलेला कारखाना भट्टीच्या पद्धतीचा होता.

इतिहास : युरोपात प्रारंभी तेलाच्या दिव्याच्या ज्योतीवर पायभात्याने हवेचा झोत सोडून हे काम करीत. रॉबर्ट हेअर यांनी १८०१ मध्ये ऑक्सिजन-हायड्रोजन फुंकनळी तयार केली. परंतु विपुल ऑक्सिजन मिळू लागला तो कार्ल फोन लिंडे यांनी १९०२ मध्ये हवेच्या द्रवीकरणातून तो वेगळा काढल्यानंतर. पुढे १९१५ मध्ये अमेरिकेत ‘पायरेक्स’ ही बोरोसिलिकेट काच बाजारात आली. तापमानातील फरक सोसणारी ही काच सु. ८२०° से.ला मऊ होते. साधी सोडा काच सु. ७००° से.ला मऊ होते. हवेत सु. ७८% नायट्रोजन असून तो ज्योतीतील बरीच उष्णता शोषून घेतो. त्यामुळे इंधन-हवा ज्योत नव्या काचेस अपुरी पडू लागली व ऑक्सिजन आवश्यक ठरला.

मुंबई परिसर : गोवंडी हे मुंबई उपनगरातील ठिकाण तुर्भे व माहूल यांच्या शेजारचे. तुर्भे येथे १९५४ मध्ये अणुऊर्जा संस्था (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) स्थापन झाली. अशा संशोधनास लागणारी निर्वात उपकरणे बाजारात तयार मिळत नाहीत. ती कुशल काचकारांनाच घडवावी लागतात. बर्मा-शेल कंपनीने १९५५ मध्ये मुंबईत द्रवरूप खनिज तेल वायूची विक्री सुरू केली. त्यामुळे नळाने येणाऱ्या कोळशाच्या वायूवाचूनही असे काम करणे शक्य झाले.

मांडणी : ऑक्सिजनच्या भरलेल्या सिलिंडरातील दाब सु. १५० किग्रॅ./सेंमी.² असतो, तो दाब नियामकाने कामापुरता उतरवितात. ऑक्सिजनच्या जोडण्यांचे आटे उजवे, तर इंधनाचे डावे असतात, म्हणून नळ्यांची अदलाबदल होत नाही. ऑक्सिजनच्या झडपेस तेल वा ग्रीज लावणे अत्यंत धोक्याचे होय, कारण उच्च दाबाच्या ऑक्सिजनात ते आपोआप पेट घेऊ शकते. ज्योत नळीत उलट शिरू नये म्हणून रोधक बसवितात. खनिज तेल वायू हवेपेक्षा जड असल्याने गळती जमिनीलगत साचते. त्यामुळे खालच्या बाजूस वायुवीजन हवे. ज्वालक पेटविताना प्रथम इंधन व नंतर ऑक्सिजन सोडतात. विझविताना आधी ऑक्सिजन बंद करतात. तयार वस्तूतील ताण घालविण्यासाठी अनुशीतन करतात, म्हणजे ती तापवून सावकाश थंड करतात.

एप्रिल २०२१ मध्ये कोविडच्या साथीत केंद्र शासनाने द्रवरूप ऑक्सिजनचा वैद्यकीयेतर वापर थांबविला. ज्या वायूवर ज्योत जळते त्याच वायूवर रुग्णाचा श्वास चालतो, हे तेव्हा प्रकर्षाने जाणवले. हवेतील नायट्रोजन शोषून ऑक्सिजन पुरविणारे छोटे संयंत्र हा लहान ज्वालकांपुरता पर्याय आहे. मोठ्या कामास मात्र सिलिंडरच लागतात.