घेवड्याचा डबा

२ मे २००० रोजीं अमेरिकन सरकारनें उपग्रहांच्या संकेतांत हेतुतः ठेवलेली चूक काढून टाकली. दुसऱ्याच दिवशीं डेव्ह अल्मर यांनीं ऑरेगॉन संस्थानांत बीव्हरक्रीक गांवाजवळ एक बादली दडविली व तिचे अक्षांश-रेखांश प्रसिद्ध केले. कांहीं घ्या, कांहीं ठेवा, वहींत नोंदवा, एवढाच नियम! ‘जिओकॅशिंग’ हा खेळ यांतूनच जन्मला. बादलींत पुस्तक, गलोलीची मूठ, डॉलरच्या नोटा व घेवड्याचा एक बंद डबा होता.

पुढें तोडीस तोड वस्तु ठेवण्याचा संकेत शिथिल झाला. अनेक पेट्यांत खेळणींच सांचलीं. घेवड्याचा तो डबा मात्र मागाहून सांपडला, आणि त्यास पाहण्यास मोठीं माणसें आजहि उत्सुक असतात. प्रौढांस मोह पडतो तो किंमतीचा नव्हे, कथेचा. पेटींत दूरदेशींचें नाणें ठेवावें वा स्वहस्तें घडविलेली मुद्रा; तिच्यापाशीं सांगण्यासारखें कांहीं असावें.